कीचकवधावर बंदी आली तेव्हा आपल्या वऱ्हाडात काय चालू होतं? (पंजोबांच्या पेटीतली वही)

बहिरमचा_रस्ता

राम राम मंडळी. खाडिलकरांच्या कीचकवध नाटकावर इंग्रजांनी बंदी घातली होती, त्याबद्दल विचारायचं आहे. धागा लांब होणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव परतवाड्याच्या खाली, बहिरमच्या रस्त्याला लागून. लहानपणी चिखलदऱ्याला गेलो की आबाजी आमाले दरीच्या काठावर उभं करून सांगायचे, पाह्य बाबू, इथंच भीमानं कीचकाले फेकलं, म्हणून हा कीचकदरा, त्याचा पुढं चिखलदरा झाला, अन् ते भीमकुंड, तिथं त्यानं हात धुतले. विराटाची राजधानीही वैराटलाच होती असं आमच्याकडं सगळेच मानतात. म्हणजे कीचक आमच्यासाठी पोथीतला नाही, शेजारच्या घाटातला आहे.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक पत्र्याची पेटी निघाली. आत घुंगरांचा एक पट्टा (चामडं पार कडक झालेलं), लाल मखमलीची बंडी, तिला कसरीनं जागोजागी खाल्लेलं, अन् खाली कापडात बांधलेली एक वही. दोऱ्यानं शिवलेली, बोरूनं लिहिलेली. बहुतेक बाळबोध आहे, मधी मधी मोडी. पहिल्या पानावर श्री, खाली शके १८३३, वैशाख. पंजोबांची आहे हे नक्की, कारण गावातले कागदपत्र तेच लिहायचे अन् त्यांचा 'भ' घरातल्या जुन्या कागदांवर तसाच आहे.

वहीत फक्त भीमाचं बोलणं आहे, म्हणजे बल्लवाचं. बाकी पात्रांच्या बोलण्याचे नुसते शेवटचे दोन-तीन शब्द. भाषा आमच्या इकडचीच, ही खाडिलकरांच्या पुस्तकातली नाही, पण गोष्ट तीच. सैरंध्री, म्हणजे वेष बदललेली द्रौपदी, रडत येते, कंकभट, म्हणजे धर्मराज, म्हणतो धीर धर, अन् भीमाचा जीव आतल्या आत जळतो.

आता हिशेब करा. शके १८३३ म्हणजे १९११. खाडिलकरांचं कीचकवध १९०७ ला स्टेजवर आलं, महाराष्ट्र नाटक मंडळीनं केलं, अन् १९१० च्या सुरुवातीला मुंबई सरकारनं त्याच्यावर बंदी घातली. कारण लोकांनी त्यात व्हाइसरॉय कर्झन पाह्यला. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे आपला देश, धर्मराज म्हणजे मवाळ अन् भीम म्हणजे जहाल. अन् बंदी येऊन वर्षभरानं आमच्या खेड्यातला माणूस भीमाची वही लिहून बसला आहे.

वहीतल्या एका पानावर अर्धं पान कोरं सोडलेलं आहे. त्या कोऱ्या जागेच्या वरती मोडीत एकच ओळ, अन् तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारलेली. मले तर पाहूनच काटा आला. कोणीतरी पोलिसाच्या भीतीनं खोडलं असावं असं वाटते.

मले विचारायचं ते हे, की ती बंदी आपल्या वऱ्हाडात होती का? कायदा नेमका काय होता? ज्याले माहीत आहे त्यानं सविस्तर लिहा, घाई नाही.

वडसा_पडदा

भाऊ, सगळ्यात आधी ती वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल धरते. सुती कापडातच राहू द्या.

आम्ही झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले, नाटकातच जन्मलो म्हणा. तुमच्या हातात आहे तिले नक्कल म्हणतात. पूर्ण नाटक एकट्या मास्तरापाशी राहायचं, बाकी प्रत्येकाले आपापली नक्कल उतरवून मिळायची. समोरच्याचे शेवटचे शब्द कानावर पडले की आपण उचलायचं. कागद महाग, लिहिणारे हात कमी, म्हणून ही पद्धत. आमच्या घरी बाबांच्या चार-पाच आहेत, कडांना हळद अन् तेलाचे डाग पडलेले, कारण तालीम रात्री जेवण झाल्यावर कंदिलापाशी.

आता विचार करा, समजा त्या काळी शिपाई आला अन् वही मागितली तर त्याच्या हाती काय लागते? एकट्या भीमाचं बोलणं. त्याच्यावरून नाटक काय आहे हे कोणाले समजणार? आमचे जुने लोक म्हणत, नाटक वहीत नसतेच, ते तालमीत असते.

दर्यापूर_वकील

चांगला धागा. कायद्याचं मी लिहितो, थोडं लांबेल.

कायदा १८७६ चा, नाट्यप्रयोग नियंत्रणाचा, त्या वर्षीचा १९ वा कायदा. जन्म बंगालात. त्याच्या आधी दीनबंधू मित्रांचं नीलदर्पण होतं, १८६० चं, निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमावर. त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं म्हणून जेम्स लाँग नावाच्या पाद्र्याला १८६१ मध्ये एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. दंड कालीप्रसन्न सिंहांनी जागच्या जागी भरला. पुढं १८७५ च्या डिसेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स कलकत्त्याला आला, तेव्हा एका बड्या वकिलानं त्याला आपल्या घरातल्या बायकांकडून ओवाळून घेतलं, आणि ग्रेट नॅशनल थिएटरनं लगेच त्याच्यावर प्रहसन केलं, गजदानंद. लॉर्ड नॉर्थब्रूकनं १८७६ च्या फेब्रुवारीतच वटहुकूम काढला आणि त्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला.

कलम ३ मध्ये तीन कारणं. एक, नाटक बदनामी करणारं असेल. दोन, सरकारबद्दल अप्रीती उत्पन्न करणारं असेल. तीन, बघणाऱ्यांची नीती बिघडवणारं असेल. यातलं काहीही प्रांतिक सरकारला नुसतं 'वाटलं' तरी बंदी घालता येत होती, कोर्टात सिद्ध करायची गरज नाही. हे वाटणंच सगळ्यात घातक, असं माझं स्पष्ट मत आहे. मोडलं तर तीन महिने कैद किंवा दंड किंवा दोन्ही. वॉरंट काढून घरात शिरता येत होतं, आणि पडदे, कपडे, सामान सगळं उचलता येत होतं. शिवाय एखाद्या भागात लायसन्सशिवाय नाटकच नाही असाही हुकूम काढता येत होता.

आता तुमचा प्रश्न. बंदी मुंबई सरकारची, म्हणजे ती मुंबई इलाख्यापुरती. वऱ्हाड तेव्हा मुंबईत नव्हतंच. १९०२ च्या करारानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं दिलं आणि १९०३ पासून त्याचा कारभार नागपूरच्या चीफ कमिशनरकडं आला, मध्यप्रांत आणि वऱ्हाड. पण मालकी कागदोपत्री निजामाचीच, त्यामुळं ब्रिटिश हिंदुस्थानातला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नव्हता, तो वेगळा हुकूम काढून लावावा लागायचा. मुंबई सरकारच्या कागदाची हद्द आपल्या इकडं चालत नव्हती.

आणि अजून एक. याच कायद्याचं कलम १२ वाचा. धार्मिक उत्सवातल्या जत्रांना आणि तशा खेळांना हा कायदा लागू नाही, असं स्वच्छ लिहिलेलं आहे.

बहिरमचा_रस्ता

वकीलसाहेब, शेवटची ओळ वाचून मी खुर्चीवरून उठलो. जत्रा! राजेहो, आमच्या दारातच बहिरमची जत्रा भरते, डिसेंबर-जानेवारीत महिनाभर. बहिरम म्हणजे भैरवच. राहुट्या, तमाशे, रोडगे, हंड्या, सगळा जिल्हा लोटायचा तिथं. पंजोबांनी ती वही बहिरमसाठीच लिहिली असंल तर?

दर्यापूर_वकील

थोडं सांभाळून. कायद्यात जो शब्द आहे तो बंगालातल्या 'जात्रा' या नाट्यप्रकाराचा, आपल्या जत्रेचा नाही. बंगालात देवाच्या उत्सवात रात्रभर गाणं-संवादाचे खेळ होतात त्याला जात्रा म्हणतात. पण पुढचे शब्द महत्त्वाचे आहेत, 'धार्मिक उत्सवातले तशाच प्रकारचे खेळ'. त्यात आपली दंडार, गोंधळ, सोंगं, सगळं बसू शकतं. १८५७ नंतर धर्माच्या गोष्टीत हात घालायला सरकार भीत होतं, त्यातून ही फट राहिली.

कीचकवधाच्या बाबतीतही सरकारची तीच अडचण झाली असणार. गोष्ट महाभारताची, पुस्तकात कर्झनचं नाव कुठंच नाही. खटला भरायचा तर कशावर भरणार? व्यासांवर?

उमरखेडची_मास्तरीण

दादा, तुमची वही वाचताना मला एकच प्रश्न पडला. सैरंध्रीची नक्कल कुठं आहे?

मी खोचून नाही विचारत, मनापासून विचारते. भीमाची नक्कल जपली, मखमलीची बंडी जपली, घुंगरू जपले. जिच्यावरून सगळं घडलं तिचे वहीत शेवटचे दोन शब्द. आणि ते बोलणाराही मिसरूड काढलेला कोणीतरी पोरगाच असणार, कारण गावच्या नाटकात लेकीबाळी उभ्या राहत नव्हत्या. बहिरमच्या राहुटीत नाचणाऱ्या बायका होत्या, त्यांना स्टेज होतं पण घरात जागा नव्हती. हीसुद्धा एक बंदीच की, आणि तिला कोणतं कलम लागत नव्हतं.

तुम्ही सगळे सरकारच्या बंदीवर लिहिता, लिहायलाच पाहिजे. पण देवलांचं शारदा बघा, १८९९ चं. म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या पोरीचं नाटक. सरकारला त्याचं काहीच वाटलं नाही, ज्यांना वाटलं ते आपलेच लोक. माझी आजी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात वाढली, अकराव्या वर्षी लग्न झालं. ती सांगायची, गावात शारदा लागलं तेव्हा घरातल्या पुरुषांनी तीन रात्री पाहिलं आणि बायकांना ओसरीवरही येऊ दिलं नाही. तिनं पदं ऐकली ती भिंतीपलीकडून. तरी सगळी पाठ होती, जात्यावर म्हणायची.

वडसा_पडदा

ताई, तुमचं खरं आहे. आमच्याकडं आता बाया काम करतात, नागपूरहून येतात, पण आमच्या बाबांच्या वेळेला द्रौपदी माझा काकाच करायचा. लुगडं नेसून बसला की माझी आजी त्याच्याशी बोलायची नाही, म्हणे मले लाज वाटते. सैरंध्रीची नक्कल कोणाच्या तरी माळ्यावर असंलच. त्या काळच्या पात्रांची घरं शोधली पाहिजे.

दारव्ह्याचा_गडी

मले एक सांगा. नाटक पाहून कोणी बंड करते का खरंच? तीन तास पाह्यचं, टाळ्या वाजवायच्या, घरी जायचं. इंग्रज उगाच भ्याले असं मले वाटते. आज आपण त्याले मोठं करून राह्यलो.

दर्यापूर_वकील

भाऊ, तारखा बघा. २१ डिसेंबर १९०९. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, बदली झाली म्हणून त्याच्या निरोपाचा खेळ ठेवलेला, विजयानंद थिएटर, किर्लोस्कर मंडळी. तिथं अनंत कान्हेरेनं त्याला गोळ्या घातल्या. नाटक कोणतं होतं? शारदा. ज्यात राजकारणाचा र सुद्धा नाही. आणि त्यानंतर लवकरच बंदी कोणावर आली? कीचकवधावर.

म्हणजे गोळी एका नाटकाच्या खेळाला चालली आणि गळा दुसऱ्याच नाटकाचा धरला. पण सरकारला हे कळत होतं असंच मला वाटतं. टिळक १९०८ पासून मंडालेला होते, खाडिलकर केसरीतले, वर्तमानपत्रांचं तोंड प्रेस ॲक्टनं बांधत आणलेलं, तो कायदाही १९१० चाच. उरलं होतं नाटक. ज्याला केसरी वाचता येत नाही तोसुद्धा नाटक बघतो.

व्हॅलेंटाइन चिरोल म्हणून लंडनच्या टाइम्सचा बातमीदार होता, त्यानं १९१० च्या पुस्तकात कीचकवधाचा अर्थ सविस्तर सांगितला आहे, कीचक कोण, भीम कोण. म्हणजे सरकारच्या बाजूच्या माणसालाही ते बरोबर समजलं होतं. ज्या पुस्तकात आपला अर्थ नावासकट छापला ते पुस्तक विकायला मोकळं, आणि ज्या नाटकात नाव नाही त्या नाटकावर बंदी.

हिंगणघाट_इंग्रजी

मी वर्धा जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. एक गोष्ट मला बरीच वर्षं खटकते ती लिहितो, धाग्याशी जुळते.

१९०७ हे वर्ष धरा. इकडं कीचकवध. त्याच वर्षी लंडनला काय चाललं होतं? जपानचा राजपुत्र फुशिमी भेटीला येणार म्हणून मिकाडो नावाच्या गमतीच्या संगीत नाटकाचं लायसन्स काही आठवड्यांसाठी काढून घेतलं, पाहुण्याला वाईट वाटेल म्हणून. जे नाटक तिथं वीस-बावीस वर्षं सगळ्यांनी पाहिलेलं होतं! त्याच वर्षी ग्रॅनव्हिल बार्करच्या वेस्ट नावाच्या नाटकाला परवानगी नाकारली. बर्नार्ड शॉच्या मिसेस वॉरेन्स प्रोफेशनला तर १८९० च्या दशकापासून दार बंद होतं, लंडनच्या जाहीर रंगमंचावर ते १९२५ ला आलं. तिथं १८४३ च्या कायद्यानं प्रत्येक नवं नाटक आधी लॉर्ड चेंबरलेन या राजवाड्यातल्या अधिकाऱ्याकडं द्यावं लागायचं. १९६८ पर्यंत.

म्हणजे जे स्वतःच्या घरात नाटकाला भीत होते ते इथं येऊन भिणारच.

पण खरी गोष्ट पुढं आहे. लॉर्ड चेंबरलेनची हद्द आयर्लंडपर्यंत जात नव्हती. शॉचं ब्लँको पॉझनेट १९०९ मध्ये लंडनला नाकारलं गेलं, तर येट्स आणि लेडी ग्रेगरी या आयरिश लेखकांनी ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात लावलं. सरकारी दबाव आला, ते दोघं मागं हटले नाहीत. वकीलसाहेबांनी वऱ्हाडाच्या हद्दीचं लिहिलं तेव्हा मला डब्लिनच आठवलं. सरकार एकच, पण कागद एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत पोचत नाही.

आणि मास्तरीणबाईंसाठी, त्याच ॲबी थिएटरात जानेवारी १९०७ मध्ये सिंजच्या नाटकावर दंगल झाली. कारण काय, तर एका पात्राच्या तोंडी बाईच्या आतल्या कपड्याचं नाव आलं. आयरिश बाईची बदनामी केली म्हणून प्रेक्षक उठले. सरकारनं काही केलं नव्हतं, लोकांनीच खेळ बंद पाडायला घेतला. तुम्ही म्हणता ती घरातली बंदी तिथंही होती.

उमरखेडची_मास्तरीण

सर, हे मला माहीत नव्हतं. आठवीच्या पोरींना सांगते उद्या.

भातकुली_१२

आमच्या अमरावतीच्या माणसाचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहून राह्यलो. वीर वामनराव जोशी. वऱ्हाडातले, स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग भोगलेले अन् नाटककार. राक्षसी महत्त्वाकांक्षा केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शनं केलं. पुढं १९२७ चं रणदुंदुभी, दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी, वझेबुवांच्या चाली. त्यातली पदं आजही रेडिओवर लागतात, पण ती कोण्या गावच्या माणसानं लिहिली हे अमरावतीतल्या दहा पोरांना विचारा, एकाले सांगता येणार नाही. याचं मले फार वाईट वाटते, खोटं नाही सांगत.

मुद्दा असा आहे की कीचकवधावर बंदी आल्यावर नाटकवाल्यांनी तोंड नाही बंद केलं, रस्ता बदलला. पुराणातली गोष्ट घेतली तर सरकार आता अर्थ लावते हे समजलं. मग वामनरावांनी राज्यच मनातलं घेतलं, राजे मनातले, गुलामी मनातली. कोणत्या नकाशात शोधणार? अन् गाण्यात घातलं सगळं. गद्य खोडता येते, पण चाल एकदा कानात बसली की ती शेतात जाते, बैलगाडीवर जाते. आमचे मामा निंदणीच्या वेळी रणदुंदुभीतलं पद म्हणायचे, त्यांना ते नाटकातलं आहे हेच माहीत नव्हतं, त्यांना वाटे प्रभातफेरीचं आहे.

खाडिलकर स्वतः १९११ ला मानापमानकडं वळले, मग विद्याहरण, स्वयंवर. लोक म्हणतात गाण्यात रमले. मले नाही वाटत तसं. विद्याहरण नीट वाचा, दारूच्या नशेत गेलेला शुक्राचार्य अन् ते असुरांचं राज्य. माणूस तोच होता.

दारव्ह्याचा_गडी

मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं, माफी असावी. भातकुलीभाऊंच्या मामाची गोष्ट वाचून आमचा बुढा आठवला. तो पण वखर हाकताना असंच काही म्हणायचा, आम्ही कधी विचारलंच नाही कुठलं आहे म्हणून. आता विचारावं तर तो नाही.

वडसा_पडदा

त्या १८७६ च्या कायद्याचं पुढं काय झालं, वकीलसाहेब? आमाले तर आजही पोलीस स्टेशनची परवानगी, लाऊडस्पीकरचा कागद अन् नाटकाचं सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतेच. मागच्या हंगामात शंकरपट (बैलांची शर्यत) होता त्या गावी आमचं नाटक ठरलं, मंडप टाकला, तिकिटं गेली, अन् गावातल्या दोन गटांच्या भांडणात एकानं अर्ज केला की नाटकात आमच्या जातीचं पात्र वाईट दाखवलं. रात्रीचे नऊ वाजलेले, लोक चादरी घेऊन येऊन बसलेले, बायाबापे लेकरं मांडीवर घेऊन. आम्ही पडद्यामागं रंग लावून उभे. शेवटी ते पात्रच काढून टाका म्हणाले. आता पात्र काढलं की गोष्ट कुठं राहते? मास्तरानं जागच्या जागी त्याचं नाव बदललं अन् खेळ केला. पहाटे पाचला पडदा पडला. पण माझं मन काही त्या रात्री लागलं नाही. सारखं वाटे, आता कोणी उठते.

म्हणून मले त्या पंजोबांचं समजते. वही लिहिताना माणसाच्या पोटात काय होत असंल ते आमाले विचारा.

दर्यापूर_वकील

वाचून वाईट वाटलं. नाव बदलून का होईना, खेळ केलात हे फार मोठं काम केलं.

तो कायदा स्वातंत्र्यानंतरही पुस्तकात राहिला हो. १९५३ मध्ये लखनौला इप्टा या नाट्यसंस्थेनं प्रेमचंदांच्या ईदगाहवर केलेल्या प्रयोगावरून त्याच कायद्याखाली खटला झाला, आणि १९५६ ला अलाहाबाद हायकोर्टानं तो कायदा घटनेच्या विरुद्ध ठरवला. तरी पूर्ण रद्द व्हायला २०१८ उजाडलं. कर्झनही गेला, कीचकही गेला, कागद एकशे बेचाळीस वर्षं जगला.

बहिरमचा_रस्ता

मंडळी, सगळ्यांचे आभार. मास्तरीणताईंचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. काल गावातल्या तीन घरी जाऊन आलो. सैरंध्रीची नक्कल मिळाली नाही, पण एका बुढ्या मायनं सांगितलं की तिच्या सासऱ्याले गावात शेवटपर्यंत 'सैरंध्री' म्हणून हाका मारत. तिले वाटे ते चिडवण्याचं नाव आहे, म्हणून तिनं घरात कधी उच्चारलं नाही. आता त्या घरची पेटी पाहायची आहे, पोरगा नागपूरहून आल्यावर उघडतील.

वहीच्या त्या खोडलेल्या पानाचा फोटो टाकतो. इथं कोणाले मोडी येते का? मी नुसता 'लोक' एवढाच शब्द ओळखला, तोही अंदाजानं.

मोडी_वाचतो_अचलपूर

नमस्कार. मी जुने फेरफार आणि खरेदीखतं वाचून देतो, मोडी रोजची आहे. फोटो मोठा करून दोनदा पाहिला.

सर्वात आधी, ती ओळ खोडलेली नाही. मोडीत अक्षरं नंतर लिहितात, आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढून घेतात आणि अक्षरं तिला लटकवतात. तुम्ही जी खोडलेली रेघ समजता ती डोक्यावरची रेघ आहे. शाई अक्षरांवर पसरली म्हणून मधून गेल्यासारखी दिसते. कोणी भिऊन काही काढलेलं नाही.

ओळीच्या वर बाळबोधीत कंकाचे शेवटचे शब्द आहेत, ते तुम्ही वाचलेच असतील, 'धीर धर'. त्याच्या खाली भीमाचं बोलणं यायला पाहिजे, पण तिथं बोलणं नाही, मोडीत सूचना आहे. मी अक्षर लावून वाचतो :

'येथे उगे राहणे. लोक बोलतील. मग उठणे.'

आणि खाली अर्धं पान कोरं.

वडसा_पडदा

बाप्पा.

भाऊ, ते पान कोरं नाही. ती लोकांची नक्कल आहे. कंक म्हणतो धीर धर, भीम गप बसून राहतो, अन् समोर बसलेलं गाव ओरडते. काय ओरडत असंल ते प्रत्येक गावात वेगळं, म्हणून लिहिलं नाही. आमच्याकडं पण अशी जागा असते, मास्तर सांगतो इथं घाई करू नको, दम धर. पण ती कोणी लिहून ठेवलेली मी आजवर पाह्यली नव्हती.

दर्यापूर_वकील

त्या कायद्याखाली कोणीही मागितली असती तर ही वही बिनधास्त दाखवता आली असती. अप्रीतीचा एक शब्द सापडला नसता.

उमरखेडची_मास्तरीण

दादा, त्या अर्ध्या पानात बायका काय ओरडल्या असतील, की त्या तिथं नव्हत्याच? जत्रेत तर असणार ना. बहिरमला बायका जायच्या.

बहिरमचा_रस्ता

ताई, जायच्या. माझी पणजी जायची, रोडग्याचं पीठ डोक्यावर घेऊन, हे आबाजींनी स्वतः सांगितलेलं आहे.

वडसेकर भाऊंशी फोनवर बोललो. यंदा आमच्या गावात छोटा खेळ करायचा ठरवलं आहे, वहीतला एवढाच प्रवेश, पंधरा-वीस मिनिटांचा. भीम वडशाहून येतो म्हणाले. सैरंध्रीचं बोलणं कुठं नाही, तर ते ताईंनी लिहावं अशी विनंती आहे, अन् त्यांच्या शाळेतली एखादी पोरगी करत असंल तर आम्ही जायची-यायची सोय करतो. कपडे घरचेच. ती मखमलीची बंडी मात्र घालता येणार नाही, हात लावला तरी भुगा होते.

कंकाच्या 'धीर धर' नंतर भीम उगा बसून राहणार. किती वेळ ते वहीत लिहिलेलं नाही.

उमरखेडची_मास्तरीण

लिहिते. रविवारपर्यंत वेळ द्या.